वायू थंड करून द्रव करायला ऊर्जा किती आणि वीज किती? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंडेन्सर (वाफ किंवा वायू थंड करून द्रव करणारं उपकरण), बर्फाचे कारखाने आणि शीतयंत्रं यांचे हिशोब करण्यात माझी बरीच वर्षं गेली. डिप्लोमाची मुलं, गवती चहाचं तेल काढणारे शेतकरी, पशुवैद्यकीय दवाखान्यातली मंडळी, सगळ्यांचे प्रश्न फिरून एकाच ठिकाणी येतात. उष्णता किती काढायची हा एक हिशोब आहे आणि ती काढायला वीज किती लागेल हा दुसरा. हे दोन्ही एकच समजले की पुढचं सगळं चुकतं. म्हणून हे प्रश्न एकत्र लिहून काढले आहेत, आणि आकडेमोड मुद्दाम पूर्ण दाखवली आहे.

सुरुवात कुठून करायची?

वायू आत्ता कुठे आहे आणि शेवटी कुठे हवा आहे, हे आधी कागदावर लिहा. तापमान, दाब आणि ताशी किती किलो. मग वाटेचे तीन टप्पे पाडा.

पहिल्या टप्प्यात वायू वायूच राहतो, फक्त त्याच्या उत्कलनबिंदूपर्यंत थंड होतो. इथे उष्णता = वस्तुमान × वायूची विशिष्ट उष्मा (एक किलोचं तापमान एक अंशाने बदलायला लागणारी उष्णता) × तापमानातला फरक. दुसऱ्या टप्प्यात तापमान हलत नाही, वायूचा द्रव होतो. इथे उष्णता = वस्तुमान × अप्रकट उष्मा (एक किलो वायूचा द्रव होताना निघणारी उष्णता). तिसऱ्या टप्प्यात द्रव आणखी थंड करायचा असेल तर पुन्हा पहिल्यासारखाच गुणाकार, फक्त विशिष्ट उष्मा द्रवाची घ्यायची. तिन्हींची बेरीज म्हणजे काढायची एकूण उष्णता.

विद्यार्थी सर्वांत जास्त चुकतात ते विशिष्ट उष्मेत. पाण्याची ४.१८ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश, पण वाफेची सुमारे २ च. वाफेच्या टप्प्यात पाण्याचा आकडा घातला की उत्तर दुप्पट येतं.

एखादं साधं उदाहरण सोडवून दाखवाल का?

गवती चहाच्या तेलाचं छोटं यंत्र घेऊ. भांड्यातून ताशी १० किलो वाफ १०० अंशाला बाहेर पडते. ती थंड होऊन ४० अंशाचं पाणी व्हायला हवी. तेलाचं प्रमाण इतकं कमी असतं की उष्णतेच्या हिशोबात ते सोडून दिलं तरी चालतं.

एक किलो वाफेचं पाणी होताना २२५७ किलोज्यूल निघतात. ते पाणी १०० वरून ४० वर आणताना ४.१८ × ६० = २५१. बेरीज २५०८. ताशी दहा किलोचे २५,०८० किलोज्यूल. तासाचे ३६०० सेकंद, म्हणून भागाकार केला की जवळजवळ ७ किलोवॅट.

आता थंड करणारं पाणी. ते कंडेन्सरमधून जाताना १० अंशांनी तापू द्यायचं ठरवलं, तर प्रत्येक लिटर ४१.८ किलोज्यूल उचलेल. २५,०८० भागिले ४१.८ म्हणजे ताशी ६०० लिटर, मिनिटाला १० लिटर. बादली आणि घड्याळ घेऊन हे शेतावरही तपासता येतं.

या सगळ्याला वीज किती? सहाशे लिटर पाणी दहा मीटर वर चढवायला प्रत्यक्ष काम जेमतेम १६ वॅट लागतं. छोट्या पंपाची कार्यक्षमता कमी असते, म्हणून पन्नास-साठ वॅट धरा. सात किलोवॅट उष्णता निघाली आणि विजेचा खर्च एका जुन्या बल्बइतका. कारण वाफ १०० अंशाला आणि विहिरीचं पाणी २५-२८ अंशाला. उष्णता उतारावरून आपणहून खाली येते, तिला ढकलावं लागत नाही.

ऊर्जा आणि शक्ती यांत एवढा गोंधळ का होतो?

ऊर्जा म्हणजे एकूण किती, शक्ती म्हणजे किती वेगाने. विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल ऊर्जा. एक किलोवॅट म्हणजे सेकंदाला एक किलोज्यूल. ऊर्जेला वेळेने भागलं की शक्ती.

भागाकार सोपा आहे, पण वेळ कोणता धरायचा यात माणूस फसतो. मी स्वतः फसलो आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका तेल काढणाऱ्या यंत्रासाठी कंडेन्सरचं माप मी दिलं होतं. दिवसाच्या आठ तासांत एकूण किती वाफ जमते ते विचारलं आणि आठने भागलं. पण त्या आठ तासांत गवत भरणं, भांडं तापणं, चोथा काढणं हे सगळं होतं. वाफ खरी यायची ती साडेतीन-चार तासच. कंडेन्सर निम्म्या मापाचा पडला. पहिल्याच घाण्याला नळीच्या तोंडातून पाण्याऐवजी पांढरी वाफ सुटू लागली आणि सगळ्या शेडभर लिंबासारखा वास पसरला. तो वास म्हणजे त्या शेतकऱ्याचं हवेत जाणारं तेल होतं. दुसरा कंडेन्सर येईपर्यंत त्याचे दोन घाणे वाया गेले, आणि ते मला आजही लागतं.

म्हणून एकूण ऊर्जा दिवसाची काढा, पण यंत्राची शक्ती सर्वांत जोराच्या तासावरून ठरवा.

पाण्याने भागतं तर कंप्रेसर कशाला?

प्रत्येक वायू पाण्याच्या तापमानाला द्रव होत नाही. अमोनियाचा उत्कलनबिंदू वातावरणाच्या दाबाला उणे ३३ अंश आहे. तीस अंशाच्या पाण्याने तो द्रव व्हायचा नाही. पण तोच अमोनिया दाबून साडेपंधरा बारवर (एक बार म्हणजे जवळजवळ वातावरणाचा दाब) नेला तर तो ४० अंशाला द्रव होतो, आणि मग ३० अंशाचं पाणी पुरतं. कंप्रेसर इथे वायूला उंचावर नेऊन ठेवतो, म्हणजे उष्णतेला उतार मिळतो.

मग नायट्रोजनही नुसता दाबून द्रव का होत नाही?

प्रत्येक वायूला एक क्रांतिक तापमान असतं. त्याच्या वर कितीही दाबा, द्रव होत नाही. टॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ साली कार्बन डायऑक्साइडवर हे दाखवलं. त्याचं क्रांतिक तापमान सुमारे ३१ अंश.

घरातल्या स्वयंपाकघरात याचा पुरावा रोज दिसतो. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. त्यांची क्रांतिक तापमानं अनुक्रमे सुमारे ९७ आणि १५२ अंश. म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यातही तो माफक दाबाखाली द्रवच राहतो आणि सिलिंडर हलवला की आत हिंदकळतो. रिक्षातला सीएनजी मात्र मिथेन. त्याचं क्रांतिक तापमान उणे ८२.६ अंश. दोनशे बारपर्यंत दाबूनही तो वायूच राहतो, म्हणून टाकी इतकी जाड असते. तोच मिथेन द्रव करायचा तर उणे १६२ अंशाला न्यावा लागतो. दाभोळच्या टर्मिनलवर जहाजातून उतरतो तो असा द्रव. त्याला थंड करायची वीज परदेशातच खर्च झालेली असते.

नायट्रोजनचं क्रांतिक तापमान उणे १४७ अंश आहे. आधी तिथवर थंड करणं भागच आहे.

एक किलो नायट्रोजन द्रव करायला किती उष्णता काढायची?

खोलीतलं तापमान ३०० केल्विन, म्हणजे २७ अंश. नायट्रोजनचा उत्कलनबिंदू ७७.४ केल्विन, म्हणजे उणे १९५.८ अंश. विशिष्ट उष्मा १.०४.

थंड करणं: १.०४ × २२२.६ = सुमारे २३१.५ किलोज्यूल. द्रव करणं: १९९ किलोज्यूल. बेरीज ४३०.५. नायट्रोजनच्या गुणधर्मांच्या छापील कोष्टकांतून अचूक काढलं तर ४३३ येतं, कारण थंड होता होता विशिष्ट उष्मा थोडी वाढते. हाती केलेला हिशोब इतका जवळ येतो, तेव्हा सुरुवातीच्या अंदाजाला तो बिनधास्त वापरा.

वाफेचे २५०८ आणि नायट्रोजनचे ४३०. हे पाहून बरेच जण म्हणतात, मग नायट्रोजन स्वस्तात होईल. इथेच दुसरा हिशोब लागतो.

तर वीज किती?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून सावकाश जाऊ.

थंड जागेतून उष्णता काढून ३०० केल्विनच्या हवेत टाकायची, तर प्रत्येक ज्यूलमागे कमीत कमी किती काम लागतं, हे निसर्गानेच ठरवून दिलं आहे: बाहेरचं तापमान वजा आतलं तापमान, भागिले आतलं तापमान. दोन्ही केल्विनमध्ये. अंश सेल्सिअस घातले तर उत्तराला काही अर्थ राहत नाही.

आत २८० केल्विन असेल तर ज्यूलमागे ०.०७ ज्यूल काम. दोनशे केल्विनला ०.५. आणि ७७.४ केल्विनला २.८८. विहीर जितकी खोल तितकी प्रत्येक घागर जड. नायट्रोजनची विहीर फारच खोल आहे.

द्रव होण्याचे १९९ किलोज्यूल सगळेच्या सगळे तळातून, ७७.४ केल्विनला काढायचे. १९९ × २.८८ = ५७३ किलोज्यूल काम.

थंड होण्याचे २३१.५ मात्र वाटेत थोडे थोडे निघतात. सुरुवातीचे उथळ पाण्यातून, शेवटचे खोलातून. तापमान सतत बदलतं, म्हणून इथे लॉगॅरिथम येतो. कॅल्क्युलेटरवरचं नैसर्गिक लॉगचं बटण वापरा. ३०० भागिले ७७.४ याचा नैसर्गिक लॉग १.३५५. त्याला १.०४ ने गुणून १.४०९. त्याला ३०० ने गुणून ४२२.७. त्यातून २३१.५ वजा केले की १९१ किलोज्यूल.

दोन्ही मिळून ७६४. कोष्टकांतला अचूक आकडा ७६८. म्हणजे किलोमागे ०.२१ युनिट. जगातलं उत्तमात उत्तम यंत्र आणलं तरी याच्या खाली जाता येत नाही.

आता वाटणी पाहा. उष्णतेत द्रव होण्याचा वाटा निम्म्याहून कमी, ४६ टक्के. कामात तोच वाटा ७५ टक्के. नुसती उष्णता मोजणाऱ्याला हे दिसतच नाही. वाफेचे अडीच हजार किलोज्यूल जवळजवळ फुकट निघाले आणि नायट्रोजनच्या ४३० ला निदान ७६४ मोजावे लागतात.

प्रत्यक्ष यंत्राला किती लागते?

याच्या दुपटीपासून दहापटीपर्यंत, यंत्राच्या आकारावर आणि पद्धतीवर. हवेपासून द्रव बनवणाऱ्या मोठ्या प्रकल्पांत किलोमागे अर्ध्या युनिटच्या आसपास खर्च येतो. लहान यंत्रं याबाबतीत फार मागे असतात.

समजा एखाद्या तालुक्याच्या दूधसंघाला ताशी दहा लिटरचं यंत्र हवं आहे. द्रव नायट्रोजन लिटरला ०.८०७ किलो, म्हणजे ताशी ८.०७ किलो. काढायची उष्णता जेमतेम ०.९७ किलोवॅट. किमान काम १.७ किलोवॅट. यंत्राची कार्यक्षमता आदर्शाच्या १५ टक्के धरली तर साडेअकरा किलोवॅट, म्हणजे पंधरा अश्वशक्तीची मोटर. एक किलोवॅट उष्णता काढायला साडेअकरा किलोवॅट वीज! हवेतून नायट्रोजन वेगळा करण्याचा खर्च यात धरलेला नाही.

आणि त्या मोटरची साडेअकरा किलोवॅट अधिक नायट्रोजनची एक, अशी साडेबारा किलोवॅट उष्णता शेवटी यंत्राच्या खोलीत किंवा थंड पाण्यात येते. खोलीला खिडकी ठेवताना हे विसरू नका.

कार्यक्षमता इतकी कमी का?

कार्ल फॉन लिंडे यांनी १८९५ साली हवा द्रव करण्याची जी पद्धत बसवली, तीत दाबलेला वायू बारीक झडपेतून सोडतात आणि तो फैलावताना थंड होतो. परतीचा थंड वायू येणाऱ्या वायूला थंड करतो. रचना सुंदर आहे, पण खोलीच्या तापमानापासून सुरुवात केली आणि दोनशे बारपर्यंत दाबलं, तरी एका फेरीत दहा टक्क्यांहून कमी वायू द्रव होतो. बाकीचा परत जाऊन पुन्हा दाबावा लागतो. वीज तिथे जाते. जॉर्ज क्लोद यांनी १९०२ साली झडपेच्या जोडीला वायूकडून काम करून घेणारं इंजिन बसवलं आणि खर्च बराच उतरला. आजचे मोठे प्रकल्प त्याच वाटेने, टर्बाइन वापरून चालतात.

बर्फाच्या कारखान्यात कंडेन्सरचं माप कसं काढायचं?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात किंवा मुंबईच्या ससून डॉकला मासळीवर जो बर्फ पडतो, तो बहुतेक अमोनियाच्या यंत्रावर बनलेला असतो. तीस अंशाच्या एक किलो पाण्याचा उणे ५ अंशाचा बर्फ करायला १२५ + ३३४ + १० असे सुमारे ४७० किलोज्यूल काढावे लागतात. दिवसाला एक टन म्हणजे अखंड साडेपाच किलोवॅट, शिवाय बाहेरून आत शिरणारी उष्णता.

पण कंडेन्सरला हा आकडा देऊ नका. कंप्रेसरने घातलेलं कामही उष्णता होऊन कंडेन्सरलाच निघतं. शीतकरण १०० किलोवॅट आणि त्यासाठी कंप्रेसर ३३ किलोवॅट घेत असेल, तर कंडेन्सर १३३ चा हवा.

संघननाचं, म्हणजे कंडेन्सरमध्ये वायूचा द्रव होण्याचं, तापमान एक अंशाने चढलं की वीज ढोबळमानाने दोन-तीन टक्क्यांनी चढते. मार्च-एप्रिलमध्ये नळ्यांवर क्षार बसलेला कंडेन्सर पाच अंश वर चालतो आणि बिल दहा-पंधरा टक्के फुगतं. नळ्या घासायला लागणारा एक दिवस त्यापुढे काहीच नाही.

हिशोब बरोबर, तरी कंडेन्सर चालत नाही. का?

आधी हवा शिरली आहे का पाहा. संघनन न होणारा वायू आत असला की तो नळीच्या अंगाला चिकटून राहतो आणि खऱ्या वायूला थंड पृष्ठभागापर्यंत पोचू देत नाही. तपासायची रीत सोपी आहे. यंत्र बंद करून कंडेन्सर पाण्याच्या तापमानाला येऊ द्या. त्या तापमानाला अमोनियाचा जो दाब कोष्टकात असतो त्याहून गेज (दाबमापक) जास्त दाखवत असेल, तर वरचा फरक हवेचा. गेजचा दाब आणि निरपेक्ष दाब यांत सुमारे एक बारचं अंतर असतं, ते धरायला विसरू नका.

एसीमधून ठिबकणारं पाणी हिशोबात येतं का?

येतं, आणि मुंबईत तर चांगलंच येतं. हवेतल्या बाष्पाचं एक लिटर पाणी व्हायला सुमारे २४५० किलोज्यूल. तासाला दोन लिटर ठिबकत असेल तर १.३६ किलोवॅट. दीड टनाच्या एसीची ताकद ५.२७ किलोवॅट, म्हणजे चौथा हिस्सा नुसता हवा कोरडी करण्यात गेला. एसीची निवड खोलीच्या चौरस फुटांवरून करतात तेव्हा हा भाग नजरेआड होतो.

आणि हा ‘टन’ कसला?

बर्फाचा. ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो ती शक्ती. ३.५१७ किलोवॅट. एसीच्या वजनाशी त्याचा संबंध नाही.

दाब वाढवला तर अप्रकट उष्मा तीच राहते का?

नाही, कमी होते, आणि क्रांतिक बिंदूला शून्य होते. अमोनियाची वातावरणाच्या दाबाला सुमारे १३७० किलोज्यूल, ३५ अंशाच्या संघननाला सुमारे ११२०. कोष्टकातली ओळ आपल्या दाबाची घ्या.

द्रव नायट्रोजन साठवून ठेवायला वीज लागते का?

कंटेनरला प्लग नसतो, म्हणून लागत नाही असं वाटतं. उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उभी केलेली बायफ ही संस्था असो की गावचा दवाखाना, कृत्रिम रेतनासाठीच्या वीर्याच्या कांड्या उणे १९६ अंशाला राहतात त्या अशाच कंटेनरमध्ये. दुहेरी भिंत, मधे निर्वात पोकळी, अरुंद मान. त्यातून रोज ०.२ लिटर उडून जात असेल, तर ०.१६ किलो × १९९ = ३२ किलोज्यूल रोज. सेकंदाला ०.३७ ज्यूल. म्हणजे बाहेरच्या तीस-चाळीस अंशांच्या हवेतून आत शिरणारी उष्णता अर्ध्या वॅटहून कमी. मानवी हातांनी बनवलेल्या वस्तूंत मला याहून जास्त आदर वाटावा अशा फार थोड्या आहेत.

पण उडालेला द्रव कुठेतरी पुन्हा बनवावा लागतो. वरच्या १५ टक्क्यांच्या यंत्रावर तो बनवायचा तर या ०.३७ वॅटसाठी साडेनऊ वॅट सतत लागतात. कंटेनर आडवा पडून मान दुखावली आणि निर्वात पोकळी गेली, तर हा आकडा कितीतरी पटींनी वाढतो आणि भांड्याच्या बाहेरच्या अंगाला घाम किंवा बर्फ धरतो. असं दिसलं की त्याच दिवशी कांड्या दुसऱ्या कंटेनरमध्ये हलवा.

पातळी मोजायला लाकडी पट्टी तळापर्यंत घाला, दहा सेकंद थांबा, बाहेर काढून हवेत हलवा. जिथवर पांढरं दव गोठतं तिथवर द्रव आहे. दर सोमवारी हा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दोन नोंदींतल्या फरकाचे लिटर करून त्यांना मधल्या दिवसांनी भागलं की तुमच्या कंटेनरची गळती वॅटमध्ये काढता येईल, वरचाच गुणाकार करून.